फुकटची शिकवणी आणि भिंतीवरचा कागद



हल्ली गटांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. “मोबाईलवर मार्केटिंगचा फुकट कोर्स आहे, शेवटी सर्टिफिकेटही मिळतं म्हणतात. करावा का?” कुणाची मुलगी बारावी होऊन घरी बसली आहे, कुणाच्या गटाचा मसाला तालुक्याबाहेर जात नाही. कोर्सला पैसे लागत नसले तरी तास लागतात, आणि बाईचे ते तास रात्री भांडी आवरल्यावरचेच असतात. म्हणून आज आपण थोडं मागे जाऊन बघू. विकणाऱ्यानंच फुकट शिकवायचं, ही गोष्ट काही मोबाईलबरोबर आलेली नाही.

सुरुवात करू शिलाई मशीनपासून. अमेरिकेत आयझॅक सिंगर यांनी १८५१ साली आपल्या मशीनचं पेटंट घेतलं. मशीनची किंमत १०० डॉलरच्या वर. साध्या घराला ती झेपणारी नव्हती. शिवाय “बाईला यंत्र चालवता येईल का?” अशी शंका. कंपनीनं दोन युक्त्या केल्या. १८५६ पासून मशीन हप्त्यावर द्यायला सुरुवात केली, आणि दुकानात मुली बसवून मशीन चालवून दाखवलं, घेणाऱ्याला शिकवलं. पुढे हे मशीन आपल्याकडेही आलं आणि शिवणाचे वर्गही निघाले. शिकवण्यामागे कंपनीचा हेतू एकच होता, मशीन खपावं. पण शिवायला शिकलेल्या बाईच्या हातात कला राहिली. मशीन कुठल्याही कंपनीचं असो, तिला परकर आणि ब्लाऊज शिवता येऊ लागला. गिऱ्हाईक तिच्याकडे आलं ते शिवण बघून. सर्टिफिकेट कुणी मागितलं नाही.

विक्रीचं शिक्षणही असंच निघालं. अमेरिकेतल्या डेटन गावी जॉन पॅटरसन यांची गल्ल्याची यंत्रं बनवणारी कंपनी होती. त्यांनी १८८७ मध्ये विक्रेत्यांसाठी एक पुस्तिका काढली. गिऱ्हाइकाशी काय बोलायचं, कधी बोलायचं, सगळं तिच्यात लिहिलेलं, आणि विक्रेत्यांनी ते पाठ करायचं. पुढे त्यांनी विक्रीची शाळाच काढली. तिथे शिकवत होते ते गल्ल्याचं यंत्र विकायला. तरी गिऱ्हाइकाची अडचण आधी ऐकून घेणं, हिशोब मांडून दाखवणं, हे कुठल्याही धंद्याला लागू पडणारं होतं.

आता आपल्या काळात या. जानेवारी २०१७ मध्ये गूगलनं आपल्या देशात लहान धंदेवाल्यांसाठी ‘डिजिटल अनलॉक्ड’ नावाचं फुकट शिक्षण सुरू केलं. त्याच्या प्रमाणपत्रामागे फिक्की ही उद्योजकांची संघटना आणि इंडियन स्कूल ऑफ बिझनेस ही संस्थाही होती. गूगलच्या कमाईचा मोठा भाग जाहिरातींतून येतो. आपण जाहिरात करायला शिकलो, तर जाहिरात तिथेच देणार. हबस्पॉट नावाची कंपनी गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर विकते, तीही मार्केटिंग आणि विक्री फुकट शिकवते. हिशोब सिंगरचाच आहे. त्यात लबाडी आहे असं आम्ही म्हणत नाही. पण शिकवणारा आपलं दुकानही चालवतो आहे, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

कारण दुकान बदललं की शिकलेलंही शिळं होतं. त्याच जानेवारीत गूगलनं लहान दुकानदारांना मोबाईलवरून फुकट वेबसाइट बनवायची सोय जाहीर केली होती. मार्च २०२४ मध्ये त्या वेबसाइट बंद झाल्या. गूगलच्या जाहिरातींचं प्रमाणपत्रही एक वर्षच चालतं, मग परीक्षा पुन्हा द्यायची. शिवणकला वर्ष संपलं म्हणून संपत नाही. म्हणून कोर्समधलं टिकणारं कोणतं आणि बटणं कुठे दाबायची एवढंच सांगणारं कोणतं, हे निवडून घ्यायला हवं.

आता दुसरी बाजू. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायका गच्चीवर पापड लाटायला बसल्या. हाती उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. हाच तो लिज्जत पापड. त्यांच्याकडे विक्रीचं कुठलंही प्रमाणपत्र नव्हतं. सुरुवातीला त्यांनी दोन प्रतीचे पापड केले, त्यातला एक स्वस्तातला. ज्यांनी पैसे उसने दिले होते त्या छगनबापांनी सांगितलं, एकच चांगला पापड करा, त्यात तडजोड नको, आणि हिशोब चोख ठेवा. देणगी घ्यायची नाही हे बायकांनीच ठरवलं. मार्केटिंगचा धडा म्हणाल तर तो हाच, फक्त तेव्हा त्याला ते नाव नव्हतं.

यातून एक फरक कळतो. माणसाचं प्रमाणपत्र वेगळं, मालाचं वेगळं. धान्य-मसाल्यांच्या प्रतवारीचा कायदा १९३७ चा, त्यातूनच ॲगमार्क आला. आज पाकिटावर अन्नसुरक्षेचा नोंदणी क्रमांक लागतो. गिऱ्हाईक आणि दुकानदार पाकीट उलटून बघतात ते हे. गटाच्या अध्यक्षांनी मोबाईलवर कोणती परीक्षा दिली, हे पाकिटावर कुणी शोधत नाही.

तर मग कोर्स करावा का? आमचं म्हणणं असं.

गटाचा माल विकायचा असेल तर कोर्समधले कामाचे तेवढे धडे घ्या. मालाचा फोटो उजेडात कसा काढायचा, आपलं गिऱ्हाईक कोण, निरोपाला उत्तर कसं द्यायचं. प्रत्येक धड्यानंतर त्याच आठवड्यात आपल्या चटणीवर, गोधडीवर तो करून बघा. परीक्षा राहिली तरी बिघडत नाही. अन्ननोंदणी झालेली नसेल तर आधी ती करा, कोर्स मागाहून.

मुलीला दुकानात किंवा जाहिरातीच्या कामात नोकरी हवी असेल तर परीक्षा जरूर द्यावी. अर्जावर तो एक ओळीचा आधार होतो. पण नुसत्या कागदावर नोकरी ठरत नाही. तिनं आपल्याच गटाचं पान सहा महिने चालवावं, किती विचारणा आल्या आणि किती माल गेला हे वहीत लिहावं. मुलाखतीत ती वही बोलते.

आणि एक. फुकटच्या कोर्सचं सर्टिफिकेट “काढून देतो” म्हणून कुणी पैसे, आधार क्रमांक किंवा ओटीपी मागितला, तर देऊ नका. सरकारच्या ‘स्वयम्’ व्यवस्थेत शिकणं फुकट आहे, पण प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क आहे. ते तिथेच भरायचं, मधल्या माणसाकडे नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत गटातल्या दोघींनी मिळून एक धडा ऐकावा आणि बाकीच्यांना सांगावा. वीस जणींनी वीस रात्री जागण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.