खानदेशातील भरीत केंद्रांची पूर्वपीठिका
१९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम, म्हणजे आजचे जळगाव आणि धुळे-नंदुरबार, असे विभाजन झाले, तरी हिवाळ्यातील भरिताची चव दोन्हीकडे सारखीच राहिली. भरिताचे मूळ शेतात आहे: कापूस वेचल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, पेटवून त्यांवर हिरवी-पांढरी वांगी भाजली जात, मग सोलून बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, मिरची-लसणासह ठेचली जात. शहरातील भरीत केंद्रांनी हीच शेतावरची पंगत व्यवसायात आणली आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी किंवा पुरी दिली. गॅसवरच्या भरिताला काड्यांच्या धुराचा वास येत नाही, म्हणूनच जाणते खवय्ये आजही काड्यांवरचेच भरीत मागतात. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.