जाळ नको पाहू, मेंटल पाय

माझे वडील मूर्तिजापुरात लग्नसराईला गॅसबत्त्या भाड्याने द्यायचे. वरात निघायच्या तासभर आधी अंगणात दहा-बारा बत्त्या मांडल्या जात. टाकीत रॉकेल भरायचं, स्पिरिटवर नळी तापवायची, हवा मारायची. नोझल तुंबलं तर पिन मारायची. बत्ती लागली की ज्योत फिकट निळी, दिसते न दिसते अशी. उजेड सगळा मेंटलचा. "पोट्ट्या, जाळ नको पाहू, मेंटल पाय," वडील म्हणत. पुढे अकोल्याच्या एमआयडीसीत गॅसचे बर्नर दुरुस्त करताना हेच वाक्य मला रोज उपयोगी पडलं.

हे मेंटल कार्ल आउअर या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाचं, १८८५ सालचं. सुती जाळी क्षारांच्या पाण्यात भिजवून जाळायची. धागा जळून जातो आणि ऑक्साइडची राख जाळीच्याच आकारात उरते. १८९१ मध्ये त्याला नेमकं मिश्रण सापडलं : ९९ भाग थोरियम, १ भाग सीरियम. तेवढ्याच गॅसमध्ये उघड्या ज्योतीच्या कितीतरी पट उजेड पडू लागला. कापसाच्या धाग्याने शहरांच्या रात्री उजळल्या, ही गोष्ट वऱ्हाडातल्या पोरांना शाळेत सांगायला हवी.

आजोबा कापसाच्या जिनात बॉयलरवर होते. १८६७ मध्ये रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली आणि रुईच्या गाठी त्याच रुळांवरून मुंबईला जाऊ लागल्या. घरी चुलीत पऱ्हाट्या, जिनात कोळसा. आजोबा कोळसा पातळ पसरायचे. ढीग घातला की धुराड्यातून काळा धूर निघतो, आणि काळा धूर म्हणजे न जळता उडून गेलेला कोळसा. भट्टीच्या विटा लालभडक झाल्या की फावडं खाली ठेवायचे, कारण मग वीटच उष्णता फेकते. आमच्या गावावरून यवतमाळ-अचलपूर धावणारी शकुंतला आगगाडी १९९४ पर्यंत वाफेवर चालली. तिच्या फायरमनलाही हीच नजर लागत असणार.

लोखंडी कपाटांचा रंग भाजणाऱ्या भट्टीत मी पहिल्यांदा इन्फ्रारेड बर्नर उघडला, तेव्हा आत मला मेंटलच दिसलं. बारीक छिद्रांची सिरॅमिक टाइल, गॅस आणि हवा आधीच मिसळलेली, ज्वलन छिद्रांच्या तोंडाशी. टाइल तापून लाल होते आणि तिची किरणं मधली हवा न तापवता थेट पत्र्यावर पडतात.

ही किरणं निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतात-घटतात. म्हणून टाइल ९०० अंश सेल्सिअसवरून ८०० वर आली, की तिची किरणं जवळपास ३० टक्के कमी होतात. कारण बहुधा साधंच असतं : हवेच्या वाटेत बसलेली धूळ, रंगाची पूड, आमच्याकडे हंगामात तर रुईचे तंतूही. हवा कमी पडली की टाइलवर पिवळी जीभ दिसते. अशा वेळी बहुतेक ठिकाणी गॅसचा दाब वाढवतात. हे साफ चूक आहे. त्याने गॅस अर्धवट जळतो, विषारी वायू सुटतो आणि टाक्या लवकर रिकाम्या होतात.

कारखानदार मित्रांनो, दाबाच्या चावीला हात लावण्याआधी गॅस बंद करा, टाइल थंड होऊ द्या, हवेची वाट आणि छिद्रं साफ करा. मग पेटवून पाहा. टाइल कडेपासून कडेपर्यंत सारखी लाल दिसली पाहिजे.