ठाणे जिल्ह्यातील आरोग्य स्वयंसेवक : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
१८५४ मध्ये रेल्वे कल्याणपर्यंत पोहोचली आणि कालांतराने ठाणे-कल्याण-डोंबिवली हा पट्टा मुंबईच्या वैद्यकीय सुविधांशी जोडला गेला. त्याच जिल्ह्यातील शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाडा येथील दुर्गम पाड्यांवरून मात्र रुग्णाला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागे. (जव्हार व मोखाडा २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत.) हे अंतर गावातीलच व्यक्तीच्या साहाय्याने भरून काढण्याच्या प्रयत्नांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

योजनांचा प्रवास :
१९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे कार्य सुरू केले. अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रिया आरोग्यसेविका होऊ शकतात, हे त्यातून सिद्ध झाले. सातत्यपूर्ण प्रशिक्षण व पाठीशी असलेले रुग्णालय हा त्या यशाचा पाया होता. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र शासनाने सामुदायिक आरोग्य स्वयंसेवक योजना आणली. एक हजार लोकसंख्येमागे एक स्वयंसेवक, तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि दरमहा ५० रुपये मानधन असे तिचे स्वरूप होते. निवड झालेल्यांत पुरुषांचेच प्रमाण अधिक राहिले. परिणामी माता व बालकांपर्यंत ती पुरेशी पोहोचली नाही.

१९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी ही उणीव उघडी पाडली. त्यानंतर १९९५ मध्ये राज्य शासनाने आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना सुरू केली. पाड्यावरील स्वयंसेवकाची कल्पना याच काळात रुजली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने 'आशा' कार्यकर्ती नेमली. तीही स्वयंसेविकाच मानली गेली व तिचा मोबदला कामागणिक ठरला.

निष्कर्ष :
अतिसार झालेल्या बालकाला क्षारसंजीवनी पाजून स्वयंसेविका पाड्यावरच वाचवू शकते. सर्पदंशात मात्र ती रुग्णाला धीर देऊन, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून त्याला त्वरित पुढे पाठवू शकते. प्रतिविष मिळते ते आरोग्य केंद्रातच. तेथे डॉक्टर, औषध वा वाहन नसेल, तर तिचे कौशल्य निष्फळ ठरते. स्वयंसेवक हा आरोग्यसाखळीतील पहिला दुवा आहे, डॉक्टरांना पर्याय नव्हे. त्याला स्वस्त पर्याय समजून अल्प मानधनावर राबविणे म्हणजे शासनाची जबाबदारी गरिबांवरच सोपविणे होय, असे या इतिहासावरून दिसून येते.