डिस्कची कबुली आणि किनाऱ्याची हवा

कोकणातील भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र १९५५ सालचे, आणि आयबीएमने हार्ड डिस्क बाजारात आणली ती पुढच्याच वर्षी. योगायोगच, पण विचाराला सोयीचा. केंद्राने दिलेली ‘प्रताप’ जात १९८७ साली प्रसारित झाली. माडाच्या जातीची पारख वर्षानुवर्षांच्या नोंदींशिवाय होत नाही. अशा नोंदी डिस्कवर गेल्या, की ती डिस्क जाणार हे आधी ओळखायचे कसे, हा शेतीचाही प्रश्न होतो. फार काळ त्यावर कान हाच उपाय होता: टकटक ऐकू आली की समजायचे. १९९२च्या सुमारास आयबीएमने सर्व्हरच्या डिस्कलाच आपल्या चुका मोजायला लावले. १९९५ साली कॉम्पॅकने आपली पद्धत इतर उत्पादकांपुढे ठेवली आणि त्यातून ‘स्मार्ट’ हे सामाईक मानक घडले. खराब सेक्टर किती, त्यांच्या जागी राखीव सेक्टर किती वापरले, हे तेव्हापासून डिस्क स्वतः सांगते.

ही कबुली खरी असते, पण अपुरी. गूगलने २००७ साली लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क ६० दिवसांत जाण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली. मात्र बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी चार प्रमुख लक्षणांपैकी एकही दाखवले नव्हते. निम्म्याच्या जवळपास तरी पकडल्या जातात ना, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे, पहिल्या चुकीलाच डिस्क बदलावी. पण भाट्येला, काजळी नदीच्या मुखाशी, खाऱ्या दमट हवेत हा हिशेब आणखी बिघडण्याचा संभव आहे. मायक्रोसॉफ्टच्या नऊ डेटा सेंटरांवरील २०१६च्या अभ्यासात तापमानापेक्षा आर्द्रता अधिक घातक ठरली, आणि तिचा घाव मुख्यतः डिस्कच्या कंट्रोलरवर पडत होता. सेक्टर मोजणारा स्वतः कंट्रोलरच. तोच गेला तर सांगणार कोण? खोली वातानुकूलित ठेवा, हा आक्षेप पुण्यात चालेल. कोकणातल्या पावसाळ्यात वीज गेली की एसीही बंद, आणि दमटपणा मात्र आतच. म्हणून अशा जागी स्मार्टच्या आकड्यांशेजारी खोलीतल्या आर्द्रतेचीही रोजची नोंद हवी. नोंदींची दुसरी प्रतही त्याच खोलीत ठेवली, तर तिलाही तीच हवा लागते.