'इंजिनिअर' म्हणावे कोणास?

या स्मरणिकेच्या अखेरीस सभासदांची नामावली छापावयाचे ठरले, तेव्हा संपादक मंडळापुढे एक अनपेक्षित प्रश्न उभा राहिला. वैद्यकी करणाऱ्यांच्या नावाआधी 'डॉ.' लागते, त्याप्रमाणे आमच्या नावाआधी 'इंजि.' लावावे, अशी मागणी काही तरुण सभासदांनी केली. कोणाची हरकत असण्याचे कारण नव्हते. परंतु त्याच बैठकीत, ज्यांना सारे मंडळ 'अण्णा' म्हणून ओळखते आणि जे कारखान्यात ॲप्रेंटिस म्हणून लागून फोरमनच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले, त्यांनी शांतपणे विचारले, "मग मी लावायचे की नाही?" बैठक क्षणभर स्तब्ध झाली. मंडळाची जुनी नोंदवही काढून पाहिली, तर हुद्द्याच्या रकान्यात ओव्हरसियर, चार्जमन, ड्राफ्ट्समन, फोरमन हेच शब्द पानोपानी आढळले, 'इंजिनिअर' मोजकेच. अण्णांच्या प्रश्नाचा माग घेताना जे हाती लागले, ते येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा शब्द मुळात लष्करी छावणीतला. वेढ्याची यंत्रे उभारणारा, सुरुंग लावणारा तो इंजिनिअर. एडिस्टनचे दीपगृह १७५९ मध्ये पुरे करणाऱ्या जॉन स्मीटनने स्वतःस 'सिव्हिल इंजिनिअर' म्हणविले ते आपण लष्करातले नव्हे, नागरी कामे करणारे आहोत हे दर्शविण्यासाठी. लंडनची इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स १८१८ मध्ये स्थापन झाली व १८२८ मध्ये तिला राजाची सनद मिळाली. तिचा पहिला अध्यक्ष टॉमस टेलफर्ड हा तारुण्यात पाथरवटाचे काम शिकलेला होता, हे विशेष. रेल्वेचा जनक म्हणून गाजलेल्या जॉर्ज स्टीफन्सनला या संस्थेने पात्रतेचा पुरावा मागितला आणि त्या रागाने त्याने १८४७ मध्ये यंत्रशास्त्रज्ञांची निराळी संस्था काढली, ही कथा मोठ्या चवीने सांगितली जाते. तिला भक्कम आधार नाही; पण ती इतकी वर्षे टिकून राहिली, यातच हाताने शिकलेल्यांच्या मनातील सल दिसून येतो.

आपल्याकडे या बिरुदाचा आरंभ मात्र फार उज्ज्वल झाला. मुंबईच्या गोदीत जहाजे बांधणाऱ्या वाडिया घराण्यातील अर्देशीर कर्सेटजी यांनी कोणत्याही महाविद्यालयाची पायरी न चढता वाफेच्या यंत्राची विद्या आत्मसात केली. १८३४ मध्ये त्यांनी आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावून मुंबईकरांना थक्क केले. १८३९ मध्ये ते विलायतेस गेले, तेथील कारखाने हिंडून पाहिले, आणि १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. त्याच वर्षी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील वाफयंत्रांच्या कारखान्याचे चीफ इंजिनिअर झाले. इंग्रज कारागिरांनी एका 'नेटिव्ह' माणसाच्या हाताखाली काम करावे काय, अशी कुरकुर मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रात उमटली. अर्देशीरांच्या ज्ञानाविषयी शंका घेणे कठीण होते. शंका होती ती त्यांच्या वर्णाविषयी.

पुढे सरकारी बांधकाम खाते उभे राहिले आणि ही शंकाच नियम होऊन बसली. गंगेच्या कालव्यासाठी माणसे हवीत म्हणून १८४७ मध्ये रुडकीचे महाविद्यालय निघाले. तेथे वर्गच तीन: वरचा इंजिनिअरांचा, मधला गोऱ्या लष्करी शिपायांतून ओव्हरसियर तयार करण्याचा, आणि खालचा एतद्देशीय मुलांना मोजणी, पातळी व नकाशे शिकविण्याचा. पुण्यात १८५४ मध्ये जो इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला, त्याचाही हेतू खात्यासाठी दुय्यम नोकर तयार करणे हाच होता. थोडक्यात, इंजिनिअर हे विद्येचे नव्हे, पायरीचे नाव झाले. ज्याने कालव्याची आखणी केली, उन्हातान्हात पातळी घेतली, मजुरांचे हजेरीपट सांभाळले, तो ओव्हरसियर. ज्याने त्यावर सही केली तो इंजिनिअर. खेडूत मात्र दोघांनाही 'साहेब' म्हणून मोकळे होत.

पुण्याच्या वर्गाचे पुढे महाविद्यालय झाले, मुंबई विद्यापीठाची एल.सी.ई. ही परीक्षा आली आणि आपली मुले वरच्या पायरीवर पाय ठेवू लागली. पण तोवर विलायतेत १८७१ मध्ये कूपर्स हिल येथे केवळ हिंदुस्थानच्या चाकरीसाठी इंजिनिअर घडविणारे महाविद्यालय निघाले होते. ते १९०६ पर्यंत चालले. १८९२ मध्ये खात्याच्या सेवेचे दोन भाग पाडले गेले: विलायतेत भरती होणारी ती इंपीरियल, येथे भरती होणारी ती प्रोव्हिन्शियल. हुद्दा तोच, असिस्टंट इंजिनिअर वा एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर. पगार मात्र निराळा.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. ते म्हैसूरचे खरे, पण घडले पुण्यात. १८८३ मध्ये एल.सी.ई.मध्ये पहिले आले, १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकला लागले. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये बसविलेली त्यांची आपोआप उघडमीट करणारी दारे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत. इतके करूनही मुंबई इलाख्यात चीफ इंजिनिअरची खुर्ची एतद्देशीयास मिळणार नाही हे ओळखून त्यांनी १९०८ मध्ये स्वेच्छेने निवृत्ती घेतली. पुढच्याच वर्षी म्हैसूर संस्थानाने त्यांना तेच पद दिले. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपण 'अभियंता दिन' म्हणून पाळतो. हारतुऱ्यांच्या गर्दीत त्या राजीनाम्याची आठवण मात्र क्वचितच होते.

१९२० मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही भारतीय संस्था स्थापन झाली. १९२८ पासून तिने आपल्या परीक्षा सुरू केल्या आणि १९३५ मध्ये तिला राजाची सनद मिळाली. 'ए.एम.आय.ई.' ही अक्षरे आमच्या पिढीस किती जिव्हाळ्याची आहेत, हे सांगावयास नको. दिवसा कारखान्यात पाळी करावी, रात्री वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये मुले निजल्यावर कंदिलाच्या वा साठ वॉटच्या दिव्याखाली अभ्यास करावा, नापास व्हावे, पुन्हा बसावे. जुन्या नोंदवहीत दोन ठिकाणी 'चार्जमन' खोडून निराळ्या शाईने 'इंजिनिअर' लिहिलेले आम्हांस आढळले. पदवीची दारे ज्यांना गरिबीने बंद झाली होती, त्यांच्यासाठी ही मागली वाट होती. सरकारी नोकरीसाठी ही परीक्षा पदवीसमान मानली जाई. पण २०१२ मध्ये केंद्र सरकारने ठरविले की, ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदविलेल्यांपुरतीच ही मान्यता राहील. पत्राने दिलेल्या इंजिनिअरिंग पदव्यांचा बाजार माजला होता हे खरे; २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयास अभिमत विद्यापीठांच्या अशा पदव्यांविरुद्ध कठोर निकाल द्यावा लागला. तरीही विकत मिळणारी पदवी आणि रात्री जागून कडक परीक्षा देऊन मिळविलेले सदस्यत्व यांस एका मापाने मोजणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

मग आज कायदा काय म्हणतो? चार्टर्ड अकौंटंटांसाठी १९४९ चा, वकिलांसाठी १९६१ चा, वास्तुशास्त्रज्ञांसाठी १९७२ चा कायदा आहे. नोंदणीवाचून कोणी स्वतःस 'आर्किटेक्ट' म्हणवू शकत नाही. मात्र हे संरक्षण नावाला आहे, कामाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. 'इंजिनिअर' या शब्दाला मात्र असा केंद्रीय कायदा आजवर लाभलेला नाही. मसुदे झाले, तसेच राहिले. दरम्यान बांधकाम खात्यांतील ओव्हरसियर 'कनिष्ठ अभियंता' झाले, महाराष्ट्रात 'शाखा अभियंता'ही झाले. अभियंता हा शब्द संस्कृतातल्या 'यंता' वरून आला. यंता म्हणजे सारथी. ओव्हरसियरला तो शोभत नव्हता असे कोण म्हणेल?

कायदा नसल्याने कधी कधी प्राणांशी गाठ पडते. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेतही अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांच्या नकाशांवर सह्या कोणाच्या, आणि त्या सह्यांची किंमत काय, हा प्रश्न तेव्हा साऱ्या देशाने विचारला.

उलट कायदा फार कडक असला तरी विपरीत घडते. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील माट्स यार्लस्ट्रोम या स्वीडनमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकलेल्या गृहस्थांच्या पत्नीला २०१३ मध्ये सिग्नल मोडल्याचा दंड झाला. त्यांनी पिवळ्या दिव्याच्या वेळेचे गणित तपासून त्यातील चूक सरकारी मंडळास कळविली. पत्रात 'मी इंजिनिअर आहे' असे लिहिले. परवाना नव्हता, म्हणून मंडळाने त्यांनाच पाचशे डॉलर दंड केला. २०१८ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि २०२० मध्ये वाहतूक-अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यांचे समीकरण स्वीकारले.

आमचे मत विचाराल तर, जी सही चुकली असता छप्पर कोसळते, ती सही कायद्याने बांधलेली असावी. 'इंजिनिअर' हा शब्द मात्र ज्याने ते काम आयुष्यभर केले, त्याच्याकडून हिरावून घेऊ नये. यावर संपादक मंडळात दोन बैठका वादविवाद झाला. शेवटी नामावलीत कोणाच्याच नावाआधी 'इंजि.' न छापता 'व्यवसाय' असा रकाना ठेवावा, आणि प्रत्येकाने स्वहस्ते लिहून दिलेला मजकूर जसाच्या तसा छापावा, असे ठरले. अण्णांना आम्ही आग्रह केला की, आपण 'इंजिनिअर' असेच लिहा. त्यांनी चष्मा पुसला, कागद घेतला आणि 'फोरमन (निवृत्त)' असे लिहून दिले. ते तसेच छापले आहे.