'म्लेच्छ' शब्दाचा मूळ अर्थ

'म्लेच्छ' हा शब्द पाठात आला की विद्यार्थी त्याचा अर्थ 'परधर्मी' असा चटकन सांगतो. बखरींच्या वाचनाने रूढ झालेला हा अर्थ प्राचीन ग्रंथांवर लादल्यास त्यांतील काही फार महत्त्वाची स्थळे दुर्बोध होतात, असे आम्हांस वाटते.

पाणिनीय धातुपाठात या धातूचा अर्थ अस्पष्ट ध्वनी करणे असा दिला आहे. शतपथ ब्राह्मणातील असुर हरतात ते उच्चार बिघडल्यामुळे. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व्याकरणाध्ययनाची प्रयोजने सांगताना हीच कथा घेतली आणि अपशब्दालाच म्लेच्छ म्हटले. म्लेच्छ आहे तो शब्द. बोलणाऱ्याचा वंश नव्हे. शतपथातील असुर तर देवांप्रमाणेच प्रजापतीचे पुत्र!

पुढे हा अर्थ देशाकडे व लोकांकडे सरकला. मनुस्मृतीने कृष्णसार मृगाच्या सहज संचाराची भूमी यज्ञास योग्य ठरवून तिच्यापलीकडे म्लेच्छदेश मानला. तीच स्मृती 10 व्या अध्यायात वर्णबाह्य लोकांना, ते म्लेच्छभाषा बोलोत वा आर्यभाषा, दस्यूच म्हणते. वचन कठोर आहे खरे. पण तेथेही 'म्लेच्छ' हे भाषेचेच विशेषण आहे.

आमच्या मते या विषयातील सर्वांत मोलाचे स्थळ मीमांसेत आहे. पिक, नेम, तामरस असे काही शब्द वेदात येतात, पण आर्यांच्या व्यवहारात ते नाहीत; म्लेच्छांच्या व्यवहारात आहेत. मग त्यांचा अर्थ व्युत्पत्तीने बसवावा, की म्लेच्छांकडून घ्यावा? जैमिनीच्या सूत्रावर (1.3.10) भाष्य करताना शबरस्वामी उत्तर देतात : म्लेच्छांकडूनच घ्यावा. शिष्टाचाराचे प्रामाण्य प्रत्यक्षाने न कळणाऱ्या गोष्टींपुरते. पक्षी पाळण्यात व पकडण्यात म्लेच्छच अधिक निपुण, म्हणून 'पिक' म्हणजे कोकिळ हे त्यांनीच सांगावे. वेदाचा अर्थ लावण्यासाठी म्लेच्छाची साक्ष, आणि तीही कर्मकांडाच्या कट्टर पुरस्कर्त्याने मागितलेली! (अर्धा या अर्थाचा 'नेम' फारसी 'नीम'चा सगोत्र आहे, 'नीमहकीम' आपण रोज म्हणतो.)

सहाव्या शतकात वराहमिहिराने यवनांना म्लेच्छ म्हणून त्याच श्लोकात त्यांच्या ज्योतिषज्ञानामुळे ते ऋषींप्रमाणे पूज्य ठरतात, असे सांगितले. निव्वळ शिवी असती, तर ही दोन विधाने एका श्लोकात नांदती ना.

कुमारिल भट्टाने तंत्रवार्तिकात, शबराच्याच या अधिकरणावर लिहिताना, परभाषेतील शब्दांना ओढूनताणून संस्कृत अर्थ चिकटवणाऱ्यांचा समाचार घेतला आहे. द्रविड भाषेत भाताला 'चोर्' म्हणतात. हे पंडित त्याला स्वर जोडून 'चोर' करतात! आपल्या शेजारच्या द्रविड भाषेत ही गत, तर पारसीक, बर्बर, यवन, रोमक यांच्या भाषांत हे लोक काय कल्पना करतील, असे कुमारिल विचारतो.