१८ जून १९८४ : ॲलन बर्ग यांची हत्या

अमेरिकेतील डेन्व्हर शहरात केओए रेडिओचे निवेदक ॲलन बर्ग यांची १८ जून १९८४ च्या रात्री घरासमोर गोळ्या झाडून हत्या झाली. ते ५० वर्षांचे होते. मारेकरी 'द ऑर्डर' या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीचे होते.

बर्ग फोनवरच्या श्रोत्यांशी कडाडून भांडत, पटले नाही तर फोन मध्येच तोडत. अनेकांना ते उर्मट वाटत, आणि ते तसे होतेही. पण स्वतः ज्यू असलेला हा माणूस ज्यूद्वेष्ट्यांना चालू कार्यक्रमात जाब विचारी, हे टोळीला खुपले. 'फार बोलत होता' असे म्हणून अशा खुनाचे ओझे मेलेल्यावर टाकण्याची सवय आपल्याकडेही आहे. ती सोडली पाहिजे. उर्मट निवेदकाला उत्तर देण्यासाठी श्रोत्याच्या हातात फोन होता, आणि रेडिओ बंद करण्याचे बटणही.

खुनाचा खटला मात्र कोणावरच चालला नाही. १९८७ मध्ये टोळीतील डेव्हिड लेन व ब्रूस पियर्स यांना बर्ग यांचे नागरी हक्क हिरावल्याबद्दल प्रत्येकी १५० वर्षांची शिक्षा झाली. दोघेही तुरुंगातच मेले. त्या रात्री मारेकऱ्यांची गाडी चालवणाऱ्या लेनने कैदेत असताना रचलेली चौदा शब्दांची वंशवादी घोषणा आज जगभरचे वर्चस्ववादी गट वापरतात. बर्ग यांचे नाव त्यामानाने फार थोड्यांना ठाऊक आहे.